अव्वा, तो नियम नव्हता

अव्वा, चौकात तुमचा फ्लेक्स लागला आहे. शिवराजच्या मित्रांनी लावला. घरात तुमचे फोटो मोजून चार, त्यातला एक आधार कार्डावरचा. म्हणून त्यांनी जहाजावर चढायच्या दिवशी बंदरावर काढलेला फोटो घेतला. आजूबाजूची माणसं, बॅगा, खांब सगळं कापून टाकलं आणि तिथं निळे ढग भरले. फोटोत तुमची डावी मूठ छातीशी घट्ट धरलेली आहे. येणारे-जाणारे थांबून म्हणतात, बघा, म्हातारीचा हात शेवटपर्यंत इष्टलिंगावर होता. मी रोज शाळेला जाताना त्याच फ्लेक्सखालून जाते आणि वर बघत नाही.

तुम्ही जाऊन आज चौदा दिवस झाले. शिवगणाराधना झाली, पाहुणे पांगले, नणंदबाई, महानंदाताई, पुण्याला परत गेल्या. तुमच्या नातीचं, गौरीचं, कॉलेज सुरू झालं. सास्तूरच्या या घरात आता तुमचा लेक शिवराज, मी आणि ओसरीत पत्र्याखाली तुमचं रिकामं बाजलं. बायका मला म्हणतात, सुमनबाई, सासू कशी सोन्यासारखी गेली, झोपेतच गेली. मी मान हलवते. पंचवीस वर्षं मी तुमची सून होते आणि तुमच्याशी भांडायला कधी घाबरले नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. एकच गोष्ट बोलायला घाबरले. ती आज बोलते.

आधी आपलं जुनं भांडण. मीही लिंगायताचीच लेक, माझ्याही गळ्यात लहानपणी लिंग बांधलं होतं. पण शाळेत नोकरी लागली तेव्हापासून माझं लिंग देव्हाऱ्यात. अंघोळीनंतर हात जोडले की माझी पूजा झाली. तुम्हाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "तुझा देव डब्यात, माझा अंगावर," म्हणायचात. मी म्हणायचे, "अव्वा, देवाला गळा काय नि डबा काय, सारखंच की." त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "देवाला असंल सारखं. मला न्हाय." तुमचं लिंग गळ्यातल्या चांदीच्या डबीतून, करडगीतून, सकाळी डाव्या तळहातावर यायचं, त्याला भस्म, बेलाचं पान, पाणी, आणि पुन्हा गळ्यात. याखेरीज त्यानं दुसरी जागा पाहिली नव्हती. त्याची पूजा झाल्याशिवाय तुम्ही चहासुद्धा घेतला नाहीत.

भूकंपात जुन्या घराची दगडमातीची भिंत तुमच्यावर आली. मामंजी त्याच भिंतीखाली गेले. तुम्हाला लोकांनी दुपारी बाहेर ओढलं तेव्हा दोरा रक्तानं कडक झाला होता, पण करडगी गळ्यात होती. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, भाकरी थापता थापता, एखाद्या शेजारणीची गोष्ट सांगावी तसं. त्या भिंतीला जे जमलं नाही ते मी दोन मिनिटांत करून दाखवलं.

जहाजाची, म्हणजे त्या क्रूझची, कल्पना महानंदाताईंची. अव्वाला पंच्याहत्तर पूर्ण झाली, तर चारही पिढ्यांनी मिळून समुद्रावर जायचं, मुंबईहून गोव्यापर्यंत. तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "समुद्रात काय पेरायचं हाय आपल्याला?" मग ताईंची लेक पणतवाला घेऊन येणार म्हटल्यावर विरघळलात. पुण्यापर्यंत आपण क्रूझर गाडी ठरवली होती. गाडीत बसल्या बसल्या तुम्ही म्हणालात, "ह्यातच फिरवा की दोन दिवस. नाव तर त्येच हाय." ड्रायव्हर इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. तुळजापूर मागं पडेपर्यंत तुम्ही गप्पा मारत होतात. अव्वा, तुमचा तो आवाज मी जपून ठेवला आहे, कारण नंतर तसा तो लागलाच नाही.

बंदरावर उतरलो तेव्हा ताईंनी सगळ्यांना एकसारखे निळे टी-शर्ट वाटले. आपण अकरा जण. तुम्ही तुमचा टी-शर्ट घडी घालून खांद्यावर टाकलात, जावयानं मानपानातला टॉवेल टाकावा तसा. सामानाला चिठ्ठ्या लावायच्या, ओळखपत्रं दाखवायची, फोनमधला चौकोन मशीनला दाखवायचा, आणि आपल्याला दिलेली वेळ साडेअकरापर्यंतची. घरचं शिजवलेलं आत न्यायचं नाही म्हणाले, तेव्हा तुम्ही धपाट्यांचा डबा उघडला आणि सामान ओढणाऱ्या माणसांना वाटून टाकला. "खावा रं बाबांनो, काल रातच्याला केल्यात, लई चांगले हायत." शेंगदाण्याची चटणी त्यांनी कागदात बांधून घेतली. ओल्या फडक्यातली बेलाची पानं तेवढी तुम्ही कमरेला खोचून ठेवलीत.

मग ती तपासणीची रांग. पुरुषांची वेगळी, आपली वेगळी. ताई, त्यांची लेक आणि बाळ पुढं निघून गेले. गौरी त्यांच्याबरोबर. राहिलो आपण दोघी. कमानीतून तुम्ही गेलात आणि मशीन किंचाळलं. वर्दीतली पोरगी पुढं आली, वय गौरीपेक्षा चारदोन वर्षांनी जास्त असेल, हाताला ताजी मेंदी. तिनं तुमच्या गळ्याकडं बोट दाखवलं. मी सांगितलं, भगवान का है, निकालते नहीं. तिनं चटकन दोन्ही हात जोडले. म्हणाली, "तो रहने दीजिए, अम्माजी. उधर पर्दे के पीछे हाथ से चेक कर लेंगे. बस दस मिनट, मैडम को बुलाती हूँ."

हे तिचे शब्द आहेत, अव्वा, जसेच्या तसे. तिनं काढायला सांगितलं नव्हतं. तो नियम नव्हता.

आपल्या मागं पंचवीसेक बायका उभ्या होत्या, गॉगल लावलेल्या, गोल टोप्या घातलेल्या. एकीनं मोठ्यानं सुस्कारा टाकला. दुसरी आपल्या मैत्रिणीला काहीतरी बोलली आणि दोघी तुमच्याकडं बघून हसल्या. पलीकडून शिवराज घड्याळ दाखवत होते. मला लाज वाटली. कशाची ते आता स्पष्टच सांगते. तुमच्या नऊवारीची, कमरेच्या फडक्याची, त्या करडगीची, आपण त्या सगळ्यांची वाट अडवून उभ्या आहोत याची. शाळेत चाळीस पोरांना धीर धरायला शिकवणारी मी. मला दहा मिनिटं धीर धरवला नाही. मी तुमच्या कानाशी वाकून म्हणाले, "काढा अव्वा. नियम हाय त्यांचा. दोनच मिनिटं."

तुम्ही माझ्याकडं पाहिलं, मग त्या पोरीकडं. तिला आपलं बोलणं कळत नव्हतं, ती मॅडमला हाका मारत वळली होती. तुम्ही दोरा डोक्यावरून काढलात. तुमच्या हातातून मी करडगी घेतली आणि ट्रेमध्ये, माझ्या पर्स आणि चपलांशेजारी ठेवली. चपलांशेजारी, अव्वा. पट्टा पुढं सरकला, ट्रे आत गेला आणि पट्टा थांबला. कुणाची तरी बॅग पुन्हा तपासत होते. तुम्ही कमानीपलीकडं उभ्या होतात, हात रिकाम्या गळ्यावर, आणि तुमचे ओठ हलत होते. दोनाची सहा-सात मिनिटं झाली. म्हणजे दहा मिनिटं थांबलो असतो तर तीन-चारच मिनिटं जास्त लागली असती. हा हिशोब मी नंतर शंभर वेळा केला.

ट्रे बाहेर आला. तुम्ही करडगी उचललीत, पण गळ्यात घातली नाहीत. मी म्हणाले, "घाला की आता." तुम्ही म्हणालात, "आता गुरूनं बांधावं लागंल." आणि डाव्या मुठीत धरलीत. एवढ्यात फोटोवाला आला, हसा हसा म्हणाला, आणि फ्लेक्सवर आहे तो फोटो निघाला. त्या मुठीत लोकांना भक्ती दिसते.

जहाजावर अकरा मजले होते, जेवणाचे दोन हॉल, पोहायचा तलाव. तुम्ही एक घास खाल्ला नाहीत. गौरीनं रडून रडून पाणी पाजलं, तेवढंच. बुडायची वेळ आली तर काय करायचं, हे शिकवायला सगळ्यांना एकत्र बोलावलं, तेव्हा नारिंगी जाकिटाचे पट्टे तुम्ही एका हातानं बांधायला लागलात. गौरीनं पुढं होऊन बांधले. शिवराजनी विचारलं, "अव्वा, मूठ का मिटलीया?" तुम्ही मूठ पदराखाली घेतलीत. मग त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "तपासणीवाल्या पोरीनं काढायला लावलं. नियम हाय म्हणाली." तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर बसला होतात. किनारा लांब जात होता, तुम्ही तिकडं बघत होतात. मला वाटलं, तुम्हाला त्या पोरीचं हिंदी कळलंच नाही, त्यामुळं माझं खोटं पकडायला जगात कुणी नाही.

माकणीच्या मठपतींना, तुमच्या गुरूंना, फोन लाव म्हणालात, तर तोवर रेंज गेली होती. दोन दिवस तुम्ही डेकवरच्या खुर्चीत मूठ मिटून बसून राहिलात. पणतू येऊन ती मूठ उघडायचा खेळ खेळायचा. तुम्ही त्याला हसून उजवा हात द्यायचात.

परत येताना गाडी सास्तूरला न आणता तुम्ही थेट माकणीला न्यायला लावलीत. मठपतींच्या ओसरीत तुम्ही एकट्याच गेलात. मी गाडीतच बसले, आत यायचं तोंड नव्हतं. अर्ध्या तासानं बाहेर आलात तेव्हा करडगी गळ्यात होती. घरी येऊन अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्लीत. मला वाटलं, चला, मिटलं.

शिवराजचं मिटलं नव्हतं. त्यांनी जहाजाच्या कंपनीला लांबलचक तक्रार लिहिली. तारीख, वेळ, कितवी रांग, सगळं. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईच्या गळ्यातला देव उतरवला म्हणून. तेच फेसबुकवर टाकलं, तर आपल्या समाजाच्या लोकांनी पुढं पाठवून पाठवून ते कुठल्या कुठं नेलं. तुम्ही त्यांना दोनदा म्हणालात, "शिवा, पुरं कर. कुणाच्या पोटावर पाय दिऊ नगं." सगळे म्हणाले, बघा केवढं मोठं मन. मीही म्हणाले. अव्वा, मीही!

त्यानंतर तुम्ही सोमवार धरलेत. निर्जळी. मी तुम्हाला किती बोलले! "या वयात कसले सोमवार? डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तुम्ही म्हणायचात, "अकरा हायत. सरतील." एकदा ओसरीत शेंगा फोडत बसलो होतो. मी मनाचा हिय्या करून म्हणाले, "अव्वा, त्या दिवशी बंदरावर…" तुम्ही माझं बोलणं तिथंच तोडलंत. "शेंगा पोचट निघाल्या बघ औंदा." मी सुटल्यासारखी झाले आणि शेंगांवर बोलायला लागले. आता कळतं, तुम्ही मला बोलू द्यायचंच नाही असं ठरवलं होतं.

नववा सोमवार झाला आणि मंगळवारी पहाटे तुम्ही उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, उपासाचा तसा संबंध नाही. "तसा" या शब्दावर मी चौदा दिवस जगते आहे.

तुम्हाला बसवून नेलं, भजन म्हणत. खड्ड्यात बसवल्यावर मठपतींनी तुमच्या गळ्यातली करडगी उघडली आणि लिंग तुमच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बेल, भस्म, मग माती. शिवराज लहान पोरासारखे रडले. मला रडू आलं नाही. मी तुमच्या त्या तळहाताकडं बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, की आता हे कधी कळणार नाही कुणाला.

आराधनेच्या दिवशी मठपती जेवून उठले. मी हातावर पाणी घालत होते. आसपास कुणी नाही बघून ते म्हणाले, "सुमनबाई, एक इचारू का? राग न्हाय ना येनार?"

"इचारा की, स्वामी."

"अव्वा त्या दिशी मला म्हनली, की ती पोरगी राहू द्या म्हनत हुती. पडद्याआड बघतो म्हनली हुती. मग म्या इचारलं, काढलंस कशाला? तर म्हनली, सून कावरीबावरी झाली हुती, लोकं बघत हुती. तिची मान खाली जाऊ ने म्हनून म्या काढून दिलं. दोष माझा धरा, तिचं नाव काढू नगा. अकरा सोमवार म्या सांगितलं न्हवतं तिला. तिनंच मागून घेतलं."

तांब्या माझ्या हातातून पडला नाही. मी त्यांच्या हातावर पाणी घालत राहिले. त्यांनी हात पुसले, विभूती लावली आणि गेले.

दर महिन्याला दारात येणाऱ्या मनियाराशी बांगड्यांवरून तुम्ही तासभर हिंदीत हुज्जत घालायचात. शेजारच्या फातिमाचाचींशी उभा जन्म त्यांच्याच बोलीत बोललात. आणि मला वाटलं, तुम्हाला कळलं नाही! तुम्हाला सगळं कळलं होतं. कळूनच तुम्ही दोरा डोक्यावरून काढलात. मी डी.एड. करत असताना शेवटच्या एसटीनं यायचे, गल्लीत कुजबुज व्हायची, तेव्हा तुम्ही गिरणीत सगळ्यांदेखत म्हणाला होतात, "म्या धाडलंय तिला. कुणाला काय इचारायचं आसंल तर मला इचारा." तुमची सवयच ती, माझं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायची. माझी आई जिवंत असती तरी तिनं एवढं केलं नसतं. हे तुम्हाला मी पंचवीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी शिवराज भाड्यानं आणलेली भांडी पोत्यात भरत होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. चपलांसकट. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"अव्वाला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"मग तिनं झाकलेलं तू कशाला उघडलंस?"

"त्या पोरीसाठी. तुमी तक्रार मागं घ्या."

त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. मग फोन काढून माझ्यासमोर धरला. कंपनीचं पत्र होतं, महिन्यापूर्वीचं. आपल्या भावना दुखावल्याबद्दल दिलगीर आहोत, संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे. मला त्यांनी ते दाखवलं नव्हतं. तुम्हाला मात्र वाचून दाखवलं होतं, मोठ्या विजयानं. "अव्वा काय म्हणाल्या?" मी विचारलं. "शिव शिव म्हनली," ते म्हणाले. "आन् भिंतीकडं तोंड करून निजली."

इथं मी तुमच्याशी भांडणार आहे, अव्वा. तुम्ही गेलात म्हणून सोडणार नाही. तुम्हाला ठाऊक होतं की त्या पोरीनं हात जोडले होते. तिची रोजी गेली हेही कळलं होतं. तेव्हा तरी लेकाला सांगायचं होतं. सुनेचं नाव राखायला दुसऱ्याच्या लेकीला घरी बसवलंत? तुम्ही सोमवार केलेत, पाणी सोडलंत, जीव दिलात म्हणा हवं तर, पण त्यातलं तिच्या पदरात काय पडलं? मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. म्हणाल, "मग तू का गप बसलीस?" तुम्ही गप्प बसलात माझ्यासाठी. मी गप्प बसले तीही माझ्याचसाठी.

शिवराजनी दुसऱ्या दिवशी कंपनीला लिहिलं, की चूक आमची होती, तिची नव्हती, तिला परत घ्या. उत्तर आलेलं नाही. फोन लावला तर म्हणाले, ती ठेकेदाराची माणसं, आमच्याकडं नाव-पत्ता नसतो. फेसबुकवर त्यांनी खरं काय ते टाकलं. पहिली गोष्ट हजारो लोकांनी पुढं पाठवली होती. ही कुणी पाठवली नाही. आमच्यात अजून नीट बोलणं नाही. ते ताटावर बसतात, जेवतात, उठतात. मी त्यांना दोष देत नाही.

येत्या मंगळवारी आम्ही दोघं मुंबईला निघतो आहोत. मी रजा टाकली आहे. तिचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, फक्त चेहरा आठवतो. बंदरावर तिच्याबरोबरच्या पोरी असतील, त्यांना विचारू. सापडेल की नाही, सापडली तर ती दारात उभी करील की नाही, काही माहीत नाही. शिवराज म्हणाले, "मी बोलतो." मी नाही म्हणाले. चार दिवस मी एकच वाक्य घोकते आहे, भाकरी करताना, फळ्यावर लिहिताना. अम्मा को मैंने झूठ बोला था, आपने तो रहने दीजिए कहा था. ते तुमच्यासमोर बोलायला मला दोन महिने मिळाले होते, अव्वा, आणि मी शेंगांवर बोलत बसले.